ओल्या लादीवरची वीज

९ जानेवारी

रद्दीवाल्याकडे शाळेचं एक विज्ञानाचं पुस्तक दिसलं. वरचा पुठ्ठा गेलेला, मागची बरीच पानंही गेलेली. तो म्हणाला, "आजी, अर्धंच आहे. पुड्या बांधायला नेताय का?" म्हटलं, "अर्धं तर अर्धं. माझी शाळा तरी कुठे पुरी झाली होती?" त्याने फुकट दिलं.

पुस्तक हवं होतं ते चादरींमुळे. दवाखान्यातून आमच्याकडे धुवायला येणाऱ्या नव्या चादरी टेरिकॉटसारख्या कसल्याशा कापडाच्या आहेत. वाळल्यावर घडी करायला घेतल्या की चडचड आवाज करतात, एकमेकींना चिकटतात आणि हाताला टोचतात. असं का होतं, हे मला कळायला हवं.

हे असते तर म्हणाले असते, "आता या वयात शास्त्रज्ञ होणार का?" आणि जेवताना स्वतःच विचारलं असतं, "बरं, काय कळलं? सांग."

आता विचारणारं कुणी नाही, म्हणून इथे लिहिते.

१६ जानेवारी

'स्थितिक विद्युत' असा धडा आहे. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की एकीवरचा प्रभार दुसरीवर जातो. एक धन होते, एक ऋण. सारखे प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, उलटे ओढतात. प्रभार वस्तूवर साठून बसतो, जागचा हलत नाही, म्हणून स्थितिक. मग आपण हात लावला की तो एका झटक्यात आपल्यातून निघून जातो. ठिणगी पडते आणि संपलं.

कंगवा केसांवर घासून कागदाच्या कपट्यांवर धरला. कपटे उड्या मारून चिकटले. मी लहान पोरीसारखी हसले. सुनेला हाक मारली. ती हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे चादरींचं सासू-सुनेसारखं आहे. घासाघासी झाली की ठिणगी."

"आणि मग चिकटतात, ते वाचलं नाहीस वाटतं," मी म्हटलं.

"ते तुमच्या पुस्तकातच राहू दे," ती म्हणाली आणि धुण्याच्या खोलीत गेली.

पोरीची जीभ तिखट आहे. हातही तितकेच चपळ आहेत. मुलगा नोकरीसाठी लांब असतो, महिन्यातून एकदा येतो. घरात आम्ही दोघीच. ती मशीन सांभाळते, मी इस्त्री. हे गेल्यावर या कामानेच आम्हाला धरून ठेवलं आहे.

३ फेब्रुवारी

सून म्हणाली, मशीनच्या झाकणाला हात लावला की मुंग्या येतात.

मी जाऊन हात लावला. खरंच, बोटांच्या टोकांना बारीक गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. मी तिला समजावलं: चादरी आत पिंपात एकमेकींवर घासतात, प्रभार तयार होतो, तो पत्र्यावर येऊन बसतो. अगदी धड्यात लिहिल्यासारखं.

"पण आई, चादरी तर पाण्यात असतात."

"पाण्यात असल्या तरी घासतात ना?"

ती फडकं उचलून कामाला लागली. मला बरं वाटलं. एखादी गोष्ट स्वतः वाचून, स्वतः ताडून दुसऱ्याला समजावता येणं, हे सुख मला उशिरा मिळालं आहे.

२० फेब्रुवारी

हे लिहावं की नाही, असं वाटत होतं. पण ही वही कुणी वाचणार नाही.

धुण्याची खोली ह्यांनी उभी केली. दुखणं अंगात असताना, बसून बसून. कारखान्यात यंत्रं जोडण्यात जन्म गेला होता, त्यामुळे हाताला वळण होतं. जुनं मशीन आणलं, उघडलं, नीट केलं. भिंतीवर लाकडाचा बोर्ड केला, घासून गुळगुळीत केला, त्यावर बटणं आणि तीन भोकांचं सॉकेट बसवलं. स्क्रू सगळे एका रेषेत. म्हणाले, "मी नसलो तरी हे फिरत राहील." मी रागावले होते त्या बोलण्यावर.

बाजूने जाताना माझ्या खांद्यात बोट टोचायची सवय होती ह्यांना. बोलायचं काही नसायचं, फक्त टोचून पुढे जायचे. त्या झाकणाला हात लावला की तसंच वाटतं. हल्ली मी दिवसातून एकदा उगाच जाऊन हात लावून येते.

खोडणार होते. राहू दे.

१२ मार्च

मुलगा आला होता. सुनेने त्याच्या कानावर घातलेलं दिसतं. जेवताना म्हणाला, "आई, वायरमनला एकदा दाखवू या का?"

"कशाला? ती स्थितिक वीज आहे. तिने माणूस मरत नाही."

"नाही, पण बाबांनी घाईत केलेलं काम..."

"तुझ्या बाबांनी आयुष्यात घाईत काही केलं नाही. ह्यांच्या हातच्या कामाला परक्याचा स्क्रूड्रायव्हर लागणार नाही."

त्याने मान खाली घातली आणि घास घेतला. सून त्याच्याकडे बघत होती. तो काही बोलेल अशी तिची अपेक्षा असावी. त्याने आमटी वाढून घेतली.

९ मे

सून कामात अंग चोरू लागली आहे. झाकण उघडायचं असलं की हाताला फडकं गुंडाळते. मशीनपुढे गोणपाट अंथरलं आहे, त्यावर उभी राहते. ते भिजलं की दुसरं शोधत बसते. तोवर पाणी तुंबतं, काम तुंबतं.

म्हटलं, "अगं, मीही लावतेच की हात. मला नाही काही होत."

"तुम्हाला नाही होत. मला खांद्यापर्यंत जातं."

"तुझं अंग नाजूक असेल."

"हो, राजकन्या आहे मी. म्हणूनच दिवसभर अनवाणी लादीवर पाणी काढते."

अनवाणी ती स्वतःच्या हट्टाने असते. चप्पल घालून एकदा साबणाच्या पाण्यावरून घसरली, तेव्हापासून घालत नाही. मला डॉक्टरांनी टाचांसाठी जाड रबराच्या चपला दिल्या आहेत. झोपतानाच काय त्या उतरतात.

१८ जून

पाऊस लागून राहिला आहे. घरभर दोऱ्या बांधल्या आहेत, त्यांवर चादरी.

एक गोष्ट खटकते आहे. चादरींची चडचड पार बंद झाली. पुस्तकात तसंच दिलंय: हवा दमट असली की प्रभार टिकत नाही, हवेतून निघून जातो. ठीक. मग मशीनमधलाही जायला हवा. पण तिथे उलट झालंय. आज हात लावला तर गुदगुल्या नव्हेत, चांगली कळ आली, मनगटापर्यंत.

दुसरं. मशीन तेव्हा फिरत नव्हतं, नुसतं बोर्डाचं बटण चालू होतं, आणि आत एकही कापड नव्हतं. मग घासलं काय कशावर?

धडा पुन्हा वाचला. एका झटक्यात प्रभार निघून जातो, असं स्वच्छ लिहिलंय. मी पुन्हा हात लावला, पुन्हा कळ. पुन्हा लावला, पुन्हा तेवढीच. संपत का नाही?

पुढच्या धड्याचं नाव 'धाराविद्युत'. त्याचं एकच पान शिल्लक आहे. त्यात इतकंच, की प्रभार एका जागी न साठता सतत वाहत राहिला तर त्याला... आणि तिथे पान फाटलं आहे.

पावसाळ्यात नियम थोडे वेगळे असतील.

४ जुलै

आज तोंडातोंडी झाली. दवाखान्यातल्या मुख्य नर्सबाईंचा निरोप होता, चादरी उद्या हव्यातच, रुग्ण उघड्या गादीवर झोपवायचे का? आणि इकडे सूनबाई म्हणतात, मी त्या मशीनला हात लावणार नाही.

मी म्हटलं, "माहेरी कपडे काय वारा धूत होता?"

"माहेरचं मशीन चावत नव्हतं."

"चावतं म्हणे! इतकी वर्षं संसार केला, मी नाही कधी वस्तूंना नावं ठेवली."

"तुम्ही एकदा चपला काढून हात लावा ना, आई. एकदाच."

"मला वेड लागलंय का, त्या घाण पाण्यात उभी राहायला?"

तिने माझ्या चपलांकडे एकदा बघितलं. मग गोणपाट झटकलं, अंथरलं आणि कामाला लागली. मला वाटलं, जिंकले.

८ जुलै

आज लिहवत नाही. सून दवाखान्यात आहे. जिवंत आहे.

१० जुलै

घडलं तसं लिहिते.

सकाळी नळी निसटली आणि खोलीभर पाणी झालं. सून खाली बसून ते बाहेर लोटत होती. उठताना आधाराला म्हणून तिने मशीनच्या झाकणाची मूठ धरली. मी दारात होते, हातात इस्त्रीच्या चादरी.

ती ओरडली नाही. तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. हात मुठीवर आवळलेला, गळ्याच्या शिरा ताठ, डोळे माझ्यावर.

मला कळलं, तिला चटका बसलाय. आणि मी थांबले.

हे लिहायला हवं. मी थांबले, कारण चटका एकदाच बसतो. प्रभार निघून जातो आणि संपतो. माझ्या मनात अगदी शांतपणे ते वाक्य आलं. आता सुटेल, आता ओरडेल, आता मला बोलेल. मी तिच्या बोलण्याची वाट बघत दारात उभी राहिले.

ते संपत नव्हतं.

तिचे ओठ निळसर व्हायला लागले, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे साठलेलं नाही. हे कुठून तरी येतंय, येतच राहतंय, आणि कुणीतरी बंद केल्याशिवाय थांबणार नाही. मी तिला धरायला पुढे झाले आणि तिथेच आठवलं, माणसाचं शरीर सुवाहक. त्याच अर्ध्या पुस्तकात होतं. चादरी टाकल्या, मागे वळले, दाराबाहेरचा मेन स्विच दोन्ही हातांनी खाली ओढला.

घर अंधारलं. आत धप्प आवाज झाला.

शेजारच्या रिक्षावाल्याने तिला उचलून नेलं. वाटेत ती शुद्धीवर आली. माझ्या मांडीवर डोकं होतं. पहिलं वाक्य काय बोलली? "आई, चादरी पाण्यात पडल्या का?"

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. तळहातावर भाजल्याची खूण आहे, हृदयाचे ठोके दोन दिवस बघणार. मला त्यांनी विचारलं, "तिथे तुमच्यापैकी आणखी कुणाला शॉक बसायचा का?" मी म्हटलं, "मला बसायचा. रोज." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

१२ जुलै

मुलगा आला. माझ्याशी धड बोलला नाही. बायकोला दवाखान्यातून थेट तिच्या माहेरी सोडून आला. रात्री बॅग भरताना एवढंच म्हणाला, "आई, तू तिच्यापेक्षा त्या बोर्डाला जपलंस."

खरं बोलणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

१५ जुलै

वायरमन आला. पन्नाशीचा, बडबड्या. मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावला तर त्यातला दिवा लख्ख पेटला. म्हणाला, "आजी, हे मशीन आहे की विजेचा खांब?"

मग त्याने मशीनची मागची बाजू उघडली. एक वायर पत्र्याच्या कडेवर घासून घासून सोलली गेली होती. आतली तार पत्र्याला टेकत होती. घासण्याचा भाग तेवढा माझा बरोबर निघाला म्हणायचा.

बोर्ड उघडायच्या आधी त्याने विचारलं, "उघडू ना?" माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असावं. म्हटलं, "उघड."

त्याने झाकण काढलं आणि शीळ घातली. "काम बघा! वायरी केसांच्या वेणीसारख्या बसवल्यात. कुणी केलं?"

"आमच्या ह्यांनी."

"इलेक्ट्रिशियन होते?"

"नाही. यंत्रं जोडायचे."

तो बोर्डात वाकला. मग त्याने तिसऱ्या भोकामागून एक हिरवी वायर बाहेर ओढली. एक टोक सॉकेटला घट्ट पिळलेलं. दुसरं टोक चिकटपट्टीत नीट गुंडाळून भिंतीच्या पोकळीत सोडलेलं. कुठेच जोडलेलं नाही.

"ही अर्थिंगची," तो म्हणाला. "मशीनच्या पत्र्यावर वीज उतरली तर हिच्यातून जमिनीत जायला हवी. नाहीतर मशीनला हात लावणाऱ्या माणसातून जाते. ह्यांनी सुरुवात केली होती. जमिनीपर्यंत न्यायची राहून गेली."

राहून गेली. ह्यांनी मला ते सांगितलं होतं का? सांगितलं असेल आणि दुखण्याच्या गडबडीत मी ऐकलं नसेल. आता कळायला मार्ग नाही.

"चिकटपट्टी बघा," वायरमन म्हणाला, बहुधा मला बरं वाटावं म्हणून. "ज्याला विसरायचं असतं तो टोक असं गुंडाळत नाही."

१८ जुलै

वाचनालयात बसून पुढचा धडा वाचला. सगळी पानं असलेल्या पुस्तकात.

मी स्वतःला असं समजावलं. स्थितिक वीज म्हणजे तांब्यात साठलेलं पाणी. कलंडला की सांडतं, तांब्या रिकामा. धाराविद्युत म्हणजे टाकीला जोडलेला नळ. टाकी लांब आहे, दिसत नाही, पण मागून दाब आहे. वाट मिळाली की पाणी येतं आणि वाट असेपर्यंत येतच राहतं. परिपथ पुरा व्हायला हवा, असं पुस्तकात म्हणतात. माझ्या रबरी चपलांनी वाट जवळजवळ बंद होती, म्हणून मला गुदगुल्या. तिच्या ओल्या, उघड्या पायांनी ती सताड उघडी होती, म्हणून खांद्यापर्यंत.

तिने मला चपला काढायला सांगितलं होतं. पुस्तक न वाचता तिने बरोबर प्रयोग सुचवला होता. मी पुस्तक वाचून तो केला नाही.

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "आजी, रडताय का? विज्ञानाचं आहे हो ते."

२३ जुलै

मागच्या अंगणात खड्डा खणला. वायरमन म्हणाला, माणूस आणतो. मी म्हटलं, खणण्यापुरती मी आहे. पाऊस झाल्याने माती मऊ होती, तरी कंबर मोडली. खाली त्याने धातूची पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ थरांनी भरलं. मीठ आणि कोळशाने ओल धरून राहते, ओल असली की वीज जमिनीत सहज जाते. हिरव्या वायरीचं टोक सोडवून त्याने पट्टीपर्यंत नेलं. ह्यांचा बोर्ड नीट होता म्हणून तोच परत बसवला. शिवाय विजेची गळती झाली की आपोआप पडणारा एक नवा स्विचही लावला.

माहेरी फोन केला. तिच्या आईने उचलला, हो-नाही केलं, मग तिच्याकडे दिला.

म्हटलं, "तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. मी चुकले."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मला वाटलं, फोन ठेवला.

"चादरींचं काय केलंत?" तिने विचारलं.

"हाताने धुते आहे."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"कंबर गेली असेल."

"गेली."

"मशीन का नाही लावत? दुरुस्त झालं ना?"

"झालं. पण तुझ्याआधी मी नाही लावणार."

मग म्हणाली, "येते. पण आधी हात तुम्ही लावायचा. चपला काढून."

२९ जुलै

आज सून आली. तळहातावर नवी कातडी धरली आहे, गुलाबी. पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि सरळ धुण्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत आली नाही.

"चला," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर बटण दाबलं. मशीन घरघरू लागलं. लादीवर पाणी होतं, मी मुद्दाम पुसलं नव्हतं. चपला काढल्या. गार पाणी टाचांच्या भेगांत शिरलं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला लिहू? वायरमनवर विश्वास होता, पुस्तकावरही होता, पण तिचे निळे ओठही आठवत होते.

झाकणावर हात ठेवला.

काही नाही. पत्र्याची थरथर, इंजिन चालल्यासारखी, आणि गारवा. बोटांना काही टोचलं नाही. मी सगळा तळहात टेकवला. काहीच नाही.

मी तशीच उभी राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही.

"येतंय का?" दारातून सुनेने विचारलं.

मला बोलता येईना. खांद्यात टोचणारं ह्यांचं बोट आठवत होतं.

"आई? येतंय का? आई, हात काढा!"

पाण्यात पावलांचा आवाज झाला आणि तिने माझं मनगट दोन्ही हातांनी धरून मला मागे खेचलं. इतक्या जोरात, की आम्ही दोघी भिंतीवर आदळलो. तिचे पाय अनवाणीच.

"अगं, काही नव्हतं," मी म्हटलं. "काही येत नव्हतं म्हणूनच..."

ती मनगट सोडेना.

"आणि असं धरायचं नसतं माणसाला," मी म्हटलं. "चालू विजेत हात घालून? मी चिकटले असते तर तूही चिकटली असतीस. आधी मेन स्विच."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मग तिने नाक पुसलं, माझ्या चपला पायाने माझ्याकडे सरकवल्या आणि चादरी भरायला घेतल्या.